अंदाज चुकतो तेव्हा

विलेपार्ल्याच्या पूर्वेला १९२९ साली सुरू झालेला पार्लेचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, आणि त्यानंतर पार्लेकरांच्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येऊ लागले: ‘आता तो वास येत नाही हो.’ गंमत अशी की, कारखाना जोरात चालू होता तेव्हा तिथे राहणाऱ्यांना भाजल्या बिस्किटांचा तो गोडसर वास क्वचितच जाणवत असे. बाहेरगावचा पाहुणा स्टेशनावर उतरून ‘कसला छान वास येतोय’ म्हणाला, म्हणजे त्यांनाही क्षणभर तो यायचा. रोज मिळणारी गोष्ट जाणिवेतून निसटून जावी आणि ती बंद पडल्यावर मात्र ठळक व्हावी, हा मेंदूच्या कामकाजाचा एक मूलभूत नियम आहे. अनपेक्षित अनुभवाने माणूस खडबडून जागा का होतो, आणि त्या जागेपणातून कधीकधी आयुष्याला दिशा कशी मिळते, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या नियमापासूनच करावी लागते.

आपली इंद्रिये जगाची नोंद घेतात, या म्हणण्यापेक्षा ती जगातील बदलांची नोंद घेतात, हे म्हणणे अधिक अचूक आहे. मनगटावरील घड्याळाचा पट्टा बांधल्यानंतर थोड्याच वेळात जाणवेनासा होतो आणि खोलीतील वास काही मिनिटांत विरल्यासारखा वाटतो. डोळ्यांचेही तसेच आहे. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्याने १८०४ साली नोंदवले की, एका बिंदूवर नजर खिळवून ठेवली तर आजूबाजूचे ठिपके हळूहळू दिसेनासे होतात. १९५० च्या दशकात संशोधकांनी अशी उपकरणे तयार केली, ज्यांमुळे डोळा हलला तरी दृश्याची प्रतिमा दृष्टिपटलाच्या त्याच जागी स्थिर राहत असे, आणि तेव्हा असे आढळले की काही सेकंदांतच ते दृश्य फिकट होऊन पुसले जाते. आपल्याला समोरचे जग सलग दिसत राहते, याचे एक कारण हे की आपले डोळे कधीच पूर्ण स्थिर नसतात. नकळत होणारी त्यांची सूक्ष्म थरथर प्रतिमेला सतत किंचित बदलत ठेवते.

हा इंद्रियांचा दोष नव्हे, ती काटकसर आहे. एखाद्या कचेरीतील मुरलेला हेडक्लार्क नेहमीच्या फायली परस्पर निकालात काढतो आणि काही वेगळे प्रकरण आले तरच ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो, तशीच काहीशी व्यवस्था मेंदूत असते. चर्चगेटची गाडी रोज पकडणाऱ्या माणसाला प्रत्येक स्टेशनाचा फलक, प्रत्येक फेरीवाल्याची हाक आणि प्रत्येक सांध्याचा खडखडाट पूर्ण जाणिवेने अनुभवावा लागला, तर तो कामावर पोहोचेपर्यंत थकून जाईल. अडचण एवढीच की, ही काटकसर फक्त खडखडाटापुरती थांबत नाही. घरच्या माणसाचा आवाज, खिडकीबाहेरचे झाड, आपण करत असलेल्या कामाचा हेतू, हेही सगळे कालांतराने नेहमीच्या फायलींत जमा होते.

सवयीने येणारी ही बधिरता पेशींच्या पातळीवर कशी घडते, हे मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी ॲप्लिशिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून दाखवले. या प्राण्याच्या मज्जासंस्थेत सुमारे वीस हजारच चेतापेशी असतात, आणि त्यांतील काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतक्या मोठ्या असतात, त्यामुळे कोणती पेशी काय करते याचा माग काढता येतो. तिच्या शरीरातील नळीसारख्या भागाला हलकासा स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते. तोच स्पर्श पुनःपुन्हा केला आणि त्यातून काहीच वाईट घडले नाही, तर कल्ला ओढण्याची क्रिया मंदावत जाते, कारण स्पर्शाची वार्ता पोहोचवणारी पेशी पुढच्या पेशीकडे सोडायचे रसायन कमी कमी सोडू लागते. आता मुख्य भाग असा की, त्या अवस्थेत गोगलगायीच्या शेपटीला विजेचा एक सौम्य झटका दिला, तर पूर्वीच्याच, कंटाळवाण्या झालेल्या स्पर्शाला ती पुन्हा जोमाने प्रतिसाद देऊ लागते. झटका बसला शेपटीला आणि जाग आली ती जुन्या स्पर्शाला. परगावाहून परतल्यावर आपलेच घर दोन दिवस नवे दिसते, त्यामागची सगळी यंत्रणा हीच असे म्हणणे धाडसाचे ठरेल, परंतु नात्यातली नक्कीच आहे. या संशोधनासाठी कँडेल यांना २००० सालच्या वैद्यकातील नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पार्ल्याच्या वासाचे कोडे मात्र एवढ्याने सुटत नाही. तिथे नवा झटका कोणी दिला नव्हता. उलट एक गोष्ट थांबली होती. याचे उत्तर सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ येवगेनी सोकोलोव्ह यांच्या कामात सापडते. नवा आवाज कानी पडला की माणूस कान टवकारतो आणि त्याच्या नाडीत व त्वचेच्या विद्युतवाहकतेत सूक्ष्म बदल होतात. तोच आवाज वारंवार ऐकवला की हे बदल थांबतात. सोकोलोव्ह यांच्या लक्षात आले की, अशा सवयीच्या झालेल्या सुराची लांबी जर अचानक कमी केली, तर ज्या क्षणी सूर चालू असायला हवा होता आणि नव्हता, नेमक्या त्या क्षणी शरीर पुन्हा सावध होते. कानांवर त्या वेळी काहीच पडत नसते. म्हणजे मेंदू सूर ऐकायचा थांबलेला नव्हता. तो मनातल्या मनात त्या सुराचा नमुना पुढे चालवत होता आणि वास्तव त्या नमुन्याशी जुळते का, हे तपासत होता. बधिर वाटणारी इंद्रिये झोपलेली नसतात. ती अंदाज बांधून बसलेली असतात.

१९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी या चित्राला आणखी एक बाजू जोडली. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतील डोपामाइन सोडणाऱ्या पेशी उत्तेजित होत. मग रस मिळण्याआधी ठरावीक खूण दाखवली जाऊ लागली आणि माकडाला तिचा अर्थ कळला, तेव्हा त्या पेशी खूण दिसताच उत्तेजित होऊ लागल्या; प्रत्यक्ष रस मिळाल्यावर त्यांच्यात काही विशेष घडेनासे झाले. खूण दाखवून रस दिला नाही, तर रस यायच्या वेळी त्या नेहमीपेक्षाही शांत पडत. डोपामाइनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, पण या पेशींचे वर्तन पाहता ते अपेक्षा आणि वास्तव यांच्यातील फरकाचे मोजमाप म्हणणे अधिक योग्य. जितके ठरले होते तितकेच मिळाले, तर नोंद करण्यासारखे काही नसते. महिन्याच्या महिन्याला ठरल्या तारखेला जमा होणाऱ्या पगाराने कोणाला भरून येत नाही, याचे कारण कृतघ्नपणात शोधण्याची गरज नाही.

अंदाज चुकला की मेंदूच्या तळाशी असलेला लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा एक छोटासा पुंजकाही कामाला लागतो. त्याचे तंतू मेंदूच्या जवळजवळ सर्व भागांत पोहोचलेले असतात आणि त्यांतून नॉरॲड्रेनालीन हे सावध करणारे रसायन सोडले जाते. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लक्ष एकवटते, आणि काही काळ बारीकसारीक तपशीलही टिपले जातात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नवे काहीतरी पाहणे आणि आपला अंदाज चुकणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर रील पाहणाऱ्याला दर अर्ध्या मिनिटाला नवे दृश्य मिळते, तरीही तासाभराने त्याची इंद्रिये ताजी न होता अधिकच मरगळतात, कारण पुढची रीलही काहीतरी वेगळीच असणार हा त्याचा अंदाज प्रत्येक वेळी बरोबर ठरतो. त्याने कशावर पैज लावलेली नसते, त्यामुळे त्याच्या कोणत्याही समजुतीला धक्का लागत नाही. धक्का बसण्यासाठी आधी एखादी ठाम समजूत असावी लागते. यातून निघणारा निष्कर्ष पहिल्या ऐकण्यात उलटा वाटतो, परंतु मला तो या विषयातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो: ज्याला एखाद्या गोष्टीची माहिती अधिक, त्याला त्या गोष्टीत आश्चर्यही अधिक सापडते.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९२१ साली ते पहिल्यांदा परदेशी गेले आणि परतीचा प्रवास त्यांनी ‘एस. एस. नारकुंडा’ या बोटीने केला. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्या बोटीवरील प्रत्येक प्रवाशाला दिसत होता, आणि पुष्कळांना तो आवडलाही असेल. रामन यांच्याजवळ मात्र त्या रंगाविषयी एक तयार उत्तर होते. समुद्राचा निळा रंग हे आकाशाच्या निळाईचे पाण्यावरील प्रतिबिंब आहे, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने सांगून ठेवले होते. रामन यांनी सोबतचा निकोल प्रिझम, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आरपार जाऊ देणारा स्फटिक, डोळ्यांशी धरला आणि योग्य कोनातून पाण्याकडे पाहत पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश छाटून टाकला. उत्तर बरोबर असते, तर प्रतिबिंबाबरोबर निळाईही जायला हवी होती. प्रत्यक्षात ती अधिकच खुलून दिसली आणि पाण्याच्या पोटातून येत असल्याचे स्पष्ट झाले. बोट मुंबई बंदरात लागेपर्यंत त्यांचे टिपण तयार होते. ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवलेले ते पत्र त्याच वर्षी नोव्हेंबरात छापून आले. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हा त्यातला मुद्दा होता. (पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, याचाही समुद्राच्या रंगात मोठा वाटा आहे, हे आता आपण जाणतो.)

पण निळ्या समुद्राने थक्क होणे आणि त्यातून आयुष्याचे काम उभे राहणे, यांच्यात बरेच अंतर असते, आणि ते अंतर रामन यांनी कसे कापले हे अधिक बोधप्रद आहे. कलकत्त्याला परतल्यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रवांतून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास हाच मुख्य उद्योग केला. १९२३ साली के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगाचा अगदी पुसट अंश दिसला. पाण्यात मळ असेल, असा साहजिक अंदाज होता. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केला तरी तो अंश जाईना, म्हणजे पुन्हा अंदाज चुकला. त्या चुकलेल्या अंदाजाचा पाठपुरावा चालू राहिला, के. एस. कृष्णन यांची साथ मिळाली, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, विखुरताना प्रकाशाच्या अगदी थोड्या अंशाचा रंग बदलतो, हा आज ‘रामन परिणाम’ म्हणून ओळखला जाणारा शोध निश्चित झाला. नोबेल १९३० साली आले. बोटीवरील तो क्षण काही मिनिटांचा असेल; त्याने उभा केलेला प्रश्न मात्र सात वर्षे पुरला.

हेतू किंवा ध्येय हा शब्द आपण फार मोठ्या अर्थाने वापरतो आणि मग ते कुठेतरी तयार स्वरूपात सापडेल अशी अपेक्षा धरतो. मेंदूच्या बाजूने पाहिले तर त्याची सुरुवात बरीच लहान असते. आश्चर्य क्षणभर टिकते. त्याचा प्रश्न झाला तर तो दिवसभर डोक्यात राहतो. प्रश्नाला हाताने करता येण्याजोगे काम जोडले गेले, तर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्यासाठी उठतो. यांतील पहिली पायरी सर्वांच्या वाट्याला वरचेवर येते. दुसरी आणि तिसरी बहुधा एकट्याने चढता येत नाही.

मुंबईच्याच खेतवाडीत वाढलेल्या पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी दहा-बारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. चिमण्या त्यांना परिचित होत्या, आणि म्हणूनच या चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग त्यांना खटकला. ज्याने चिमणी कधी नीट पाहिलेलीच नाही, त्याला असा डाग दिसला तरी त्यात वावगे काही वाटणार नाही. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनाही पक्षी ओळखता येईना, तेव्हा त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव सांगून मुलाची बोळवण केली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी कपाटांचे कप्पे उघडून पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याची कातडी सोलून टिकवण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली. खटकलेल्या एका डागाला नाव, साधन आणि हातकाम तिन्ही मिळाले. पुढे १९३० च्या सुमारास नोकरी नसल्यामुळे सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पाहून पसंत करते, आणि तिने बस्तान बसवले की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी निरीक्षणातून दाखवून दिले. कोकणात ती लोंबती घरटी कोणी पाहिली नव्हती असे थोडेच आहे?

प्रत्येक अनपेक्षित अनुभव माणसाला जागा करतो, असा मात्र याचा अर्थ काढू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांच्या अंदाजांना बसलेला धक्का मोठाच होता, आणि आजही अनेकांना पावसाची संततधार लागली की अस्वस्थ वाटते. धक्का सुखद असो वा भीतिदायक, सुरुवातीची शारीरिक प्रतिक्रिया बरीचशी सारखी असते. जीव सुरक्षित आहे याची खात्री असेल तर तिचे कुतूहल होते, नसेल तर भय. आपल्या काव्यशास्त्राने विस्मय आणि भय हे दोन वेगळ्या रसांचे स्थायीभाव मानले, ते या दृष्टीने अगदी रास्त वाटते. त्यामुळे ज्याचा दिवस मुळातच अनिश्चिततेने भरलेला आहे, उदाहरणार्थ रोज नाक्यावर उभे राहून काम मिळण्याची वाट पाहणारा मजूर, त्याला ‘आयुष्यात थोडा धक्का हवा’ असा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. हा सल्ला स्थैर्याने बधिर झालेल्यांसाठी आहे.

अशांसाठी दूरच्या प्रवासाची गरज नाही, हेही सांगितले पाहिजे. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातील स्वयंसेवक ओहोटीच्या वेळी लोकांना हाजी अली, जुहू यांसारख्या किनाऱ्यांवर घेऊन जातात. उघड्या पडलेल्या खडकांवर पहिली काही मिनिटे शेवाळ, चिखल आणि प्लास्टिक एवढेच दिसते, कारण मुंबईच्या समुद्रात घाणीशिवाय काही नाही ही समजूत आपण सोबत घेऊनच आलेलो असतो. मग कोणीतरी साचलेल्या पाण्यातील एका शंखाकडे बोट दाखवते. शंख थोडा कलतो, कडेने दोन बारीक दांड्यांवरचे डोळे बाहेर येतात, आणि रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा ते घर पाठीवर घेऊन चालू लागतो. त्यानंतर त्या डबक्यातील प्रत्येक शंख संशयास्पद होतो. खडकावरचा बुळबुळीत तपकिरी थर वाकून पाहिला, तर पाण्याखाली गेलेल्या त्याच्या भागात बटणाएवढी हिरवट तोंडे उघडलेली असतात आणि तो थर म्हणजे प्रवाळांच्या नात्यातील जीवांची वसाहत असल्याचे कळते. दृश्य तेच असते, प्रकाशही तोच. पाहणाऱ्याची समजूत तेवढी मोडलेली असते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात साठी उलटलेल्या व्यक्तींना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे चालायला सांगण्यात आले. त्यांतील निम्म्यांना एवढीच जादा सूचना होती की, आजूबाजूला नव्या नजरेने पाहावे आणि विस्मय वाटेल असे काही शोधावे. सर्वांनी प्रत्येक वेळी स्वतःचा फोटो काढायचा होता. विस्मय शोधणाऱ्यांच्या फोटोंत आठवडे सरत गेले तसतशी त्यांची स्वतःची आकृती लहान होत गेली आणि मागचे दृश्य अधिक जागा व्यापू लागले. रोजच्या जगण्यात करुणेसारख्या भावना वाढल्याचेही त्यांनी नोंदवले. स्वतःचा आकार घटणे आणि हेतूची जाणीव वाढणे, या गोष्टी एकत्र का येतात याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. तरीही ज्याच्या नजरेत स्वतःखेरीज काही मावते, त्यालाच करण्याजोगे काम दिसणार, हा तर्क मला पटतो.

शाळांना या सगळ्याचा थेट उपयोग आहे. अर्जेंटिनातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्राथमिक शाळेतील मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली गेली. ज्या मुलांना त्याच्या तासभर आधी किंवा तासभर नंतर विज्ञानाचा अथवा संगीताचा अगदी अनोखा तास मिळाला, त्यांना दुसऱ्या दिवशी ती गोष्ट इतरांपेक्षा चांगली आठवत होती. तोच तास चार तासांच्या अंतराने घेतला, तर फायदा दिसला नाही. नव्या अनुभवाने स्मृती पक्की करणारी यंत्रणा काही काळ खुली राहते आणि जवळपासच्या साध्यासुध्या आठवणींनाही तिचा लाभ मिळतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आपल्याकडे सहल बहुधा डिसेंबर-जानेवारीत, अभ्यासाशी संबंध न ठेवता, एखाद्या वॉटरपार्कला निघते. त्याऐवजी खडकांचा धडा शिकवायच्या दिवशी सकाळीच अंधेरी पश्चिमेच्या गिल्बर्ट हिलवर वर्ग नेता येईल. इमारतींच्या गराड्यात सापडलेला, सुमारे दोनशे फूट उंचीचा आणि माथ्यावर गावदेवीचे मंदिर असलेला तो काळा कडा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे, आणि लाव्हा थंड होताना तडकून पडलेले त्याचे उभे खांब खालून स्पष्ट दिसतात. जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाने एका कागदावर हा डोंगर कसा तयार झाला असेल, याचा आपला अंदाज लिहून बाईंकडे द्यावा. अंदाज चुकीचे असले तरी चालतील, किंबहुना चुकीचेच असलेले बरे. कोरा कागद मात्र बाईंनी घेऊ नये.